मोठ्या बाबांसाठी एक विशेषण

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या चुलतबहिणीनं केरळच्या सहकाऱ्याशी लग्न ठरवलं, तेव्हा मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, जानेफळला तीन महिने तोंड फुगवून बसले. लेकीचा फोनही घेईनात. मग एका रविवारी मोठ्या आईमार्फत होकार कळवून मोकळे झाले. मुलाच्या घरी मराठी कुणाला येत नव्हतं, हिंदीही बेताचीच. म्हणून आपल्या घराची ओळख इंग्रजीत लिहून पाठवायचं ठरलं. मी नांदुऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते, तेव्हा बोलावणं मला आलं.

शेती, घर, कुळाचार पटापट उरकलं. बहिणीपाशी गाडी अडली. मी आधी 'थिन' लिहिलं, मग खोडून 'स्लिम' केलं.

"काऊन खोडलं?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"दोन्ही म्हणजे बारीकच. पण थिन म्हणजे खायला न मिळाल्यासारखी. स्लिम म्हणजे दिसायला छान."

मोठी आई लसूण सोलत होती. म्हणाली, "पुन्याच्या मेसचं खाऊन पोरगी थिनच झाली हाये. पन कागदावर स्लिम राहू दे."

मग मोठे बाबा स्वतःवर आले. "लिही, एकदा नाही म्हटलं का नाही."

मी 'फर्म' लिहिलं. पण शिक्षकी खोड; याच्या शेजारचा शब्द 'स्टबर्न' आहे, हेही बोलून गेले.

"फरक काय?"

"फर्म माणूस बरोबर असतो म्हणून हलत नाही. स्टबर्न चुकला तरी हलत नाही."

"अन् बरोबर का चूक, हे ठरवते कोन?"

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला हे विचारलं नव्हतं. मी मोठ्या आईकडे पाहिलं. हातातली पाकळी सोलणं न थांबवता ती म्हणाली, "मले विचार. तो दुसरा लिही."

मोठे बाबा रागावले नाहीत. "तीन महिने पोरीसंग बोललो नाही, ते कोन्त्यात बसते?"

मी पेनाचं टोक 'फर्म'वर टेकवलं.

"मंग दुसराच लिही. सोयरिकीत लपवाछपवी नको. अन् पुढं मायाळू लिही."

"त्याला काइंड, जेंटल, लव्हिंग..."

"तिन्ही लिही. फरक सांगू नको."

आठ दिवसांनी मुलाच्या वडिलांचं उत्तर आलं. ओळख आवडली, आमच्याकडे मात्र स्टबर्नचं खातं माझी बायको सांभाळते, असं त्यांनी लिहिलं होतं. मोठ्या बाबांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा मराठीत वदवून घेतलं आणि लेकीला फोन लावला.

"तुही सासू माह्यासारखीच हाये म्हनते. आमचं जमते. तारीख धरा."

पलीकडून काहीच आवाज येईना.

"रडते काय पाहा," मोठी आई म्हणाली.

"रेंज नसंन," म्हणत ते खुर्ची उचलून ओट्यावर गेले.