रेवा कोणत्या टाइपची?

किस्से काही जमवावे लागत नाहीत. चौघी जणी रोज एकत्र डबा खात असाव्यात आणि त्यांतल्या तिघींनी आपलं म्हणणं कधी सोडू नये, एवढं पुरतं. चौथी लिहून ठेवते. सौसरच्या आमच्या शाळेत अकरावीच्या शेवटच्या दोन बाकांवर आम्ही अशाच चौघी आहोत: वैदेही, निकिता, पूजा आणि लिहून ठेवणारी मी.

सुरुवात वैदेहीनं केली. दिवाळीत ती पांढुर्ण्याला मामेबहिणीकडे गेली आणि येताना कॉग्निटिव्ह फंक्शन्स घेऊन आली. तिचं म्हणणं असं, की प्रत्येकाच्या डोक्यात विचार, भावना, इंद्रियं आणि अंतर्ज्ञान असे चार कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याचं तोंड आत तरी असतं, नाहीतर बाहेर. बाहेरचा विचार म्हणजे धडाधड कामं लावणारा. बाहेरची भावना म्हणजे चार लोकांचं मन राखणारी. आतली भावना फक्त स्वतःच्या मनाला विचारते. कोणता कप्पा पहिला आणि कोणता चौथा, यावरून माणसाचा टाइप ठरतो.

पहिला प्रयोग तिनं घरी केला. तिचे वडील सरकारी कार्यालयात बाबू आहेत. रविवारी ते पेपर वाचत होते, तेव्हा तिनं त्यांना वीसेक प्रश्न विचारले. शेवटी म्हणाली, "पप्पा, मी तुमचा टाइप ठरवून राहिली."

पप्पांनी पेपर खाली न घेताच उत्तर दिलं, "वर्ग तीन. सरकारनं केव्हाचाच ठरवला!"

*

खऱ्या माणसांना टाइप लावला की ती चिडतात, हे आठवडाभरात कळलं. निकिताची काकू तर दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मग कागदावरचं माणूस घ्यायचं ठरलं.

मी एका वहीत गोष्ट लिहिते. तिच्यात रेवा नावाची मुलगी आहे, संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका चालवणारी. या तिघी ती वही आळीपाळीनं वाचतात. त्यांनी रेवालाच पकडलं. नियमही ठरले. पुरावा वहीतलाच हवा, आणि लेखिकेला मत नाही.

"पण रेवाला मीच लिहिलं ना?" मी म्हटलं.

"म्हनूनच," वैदेही म्हणाली. "आपलं पोट्टं कसं हाय, हे कोणत्या मायले समजते?"

*

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. रेवा म्हणजे पूजा. मी फक्त गाव बदललं होतं आणि वेणी कापली होती. पूजाच्या घरी मोहगावजवळ संत्र्याचा बगीचा आहे. तिच्या चालण्यापासून हाका मारण्यापर्यंत सगळं मी तसंच्या तसं उचललं होतं.

पूजाला स्वतःवर कोणी लिहिलेलं खपत नाही. नववीत एकीनं फळ्यावर तिच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. ओळी चांगल्या होत्या. त्या मुलीशी पूजा अजून बोलत नाही. आणि पूजा बोलत नसेल, तर शाळेत माझ्याशी बोलणारं फारसं कोणी उरत नाही.

*

तर रेवाला सगळ्यात जास्त नावं पूजानंच ठेवली.

चौथ्या प्रकरणात रेवा रोपं चढवायची म्हणून बस थांबवून ठेवते. ते वाचून पूजा भडकली. "कशी घमेंडी हाय व हे! निकिता, बाटली भरून आण. जिथं जाते तिथं हिचाच हुकूम! वैदेही, तू तिकडे सरक, मले जागा दे. लोकं काय हिचे नोकर हायेत का? अन तू काय पाहून राहिली? बाक पूस."

निकिता पाणी घेऊन आली. वैदेही सरकली. मी बाक पुसला.

"भावनेचा कप्पा रिकामाच हाय हिचा," पूजानं निकाल दिला आणि पाणी प्यायली.

*

निकिताचं मत दर दिवसाला बदलायचं. ज्या दिवशी ती वैदेहीजवळ बसे, त्या दिवशी रेवाची आतली भावना पहिली असे. पूजाजवळ बसली की बाहेरचा विचार पहिला. शेवटी वैदेही वैतागली. म्हणाली, "तुझाच टाइप पाहू आधी. तुझी बाहेरची भावना पहिली हाय. तुले सगळ्यांचं मन राखाचं असते, स्वतःचं मतच नसते."

निकितानं जरा विचार केला.

"हाव, तुम्ही सगळ्या म्हणता तर असन!"

*

एकदा रेवाचे कप्पे मांडलेला आमचा तक्ता मराठीच्या मॅडमच्या हाती लागला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "स्वभावचित्रणाला एवढं कशाला लागते? तीन शब्द लिहायचे. कष्टाळू, प्रेमळ, स्वाभिमानी. पुरे मार्क मिळतात."

निकितानं हात वर केला. "मॅडम, अन तो खलनायक असला तं?"

मॅडम तक्त्याची घडी करत म्हणाल्या, "मग फक्त कष्टाळू!"

*

चौदाव्या प्रकरणात गारपीट होते आणि रेवाची सगळी कलमं मोडून पडतात. ती अंगणात बसून मोठ्यानं रडते आणि अख्खं गाव गोळा होतं.

मागच्या वर्षी पूजाच्या बगीच्यात गारा पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर शाळेत आली आणि तिनं आमच्याकडून प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण करून घेतल्या. तिला रडताना मी कधी पाहिलेलं नाही. अंगणातलं रडणं तेवढं माझ्या मनचं होतं.

वैदेही खूश झाली. "पाहा! आतली भावना! पान अठ्ठ्याऐंशी!" निकिता त्या दिवशी तिच्याजवळच बसली होती.

पूजानं वही दप्तरात टाकली आणि म्हणाली, "पुन्हा वाचून आणतो."

तो शनिवार होता. तिनं वही दोनदा लागोपाठ कधीच वाचली नव्हती. रविवारी मी आईला विचारलं, सोमवारी घरी राहिले तर चालेल का. आईनं कपाळाला हात लावून पाहिला आणि दप्तर भरायला सांगितलं.

सोमवारी डबा खायच्या सुट्टीत पूजानं वही माझ्यासमोर ठेवली. पान अठ्ठ्याऐंशी उघडलं होतं. तिचं बोट अंगणावर होतं.

"हे चुकलं," ती म्हणाली.

मी मान वर केली नाही.

"काय चुकलं व?" वैदेहीनं विचारलं.

"रेवा अशी चारचौघांत रडत नाई. ते बगीच्यात जाते. विहिरीवरची मोटार सुरू करते. मंग रडते. मोटारीच्या आवाजात कोणाले ऐकू येत नाई."

निकिताचा घास हातातच राहिला. वैदेही मात्र वैदेहीच. ती म्हणाली, "अन त्या टायमाले लाइट नसन तं?"

पूजानं माझ्याकडे पाहिलं. मग पेन काढून माझ्या हातात दिलं.

"मंग लाइट येईपर्यंत थांबते. लिही."