सासूबाईंचा वेगळा इनबॉक्स

आमच्या घरात मेलचा प्रोग्राम निवडायला जितकी चर्चा झाली, तितकी माझं लग्न ठरवतानाही झाली नव्हती. लग्नाच्या वेळी निदान दोन्हीकडच्यांना घाई होती.

कंप्युटर घेतला होता तो सासू-सासऱ्यांसाठी. हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या एका दुकानातून आणून आमच्या चिक्कडपल्लीच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात मांडला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना फोनवरची अक्षरं मोहरीसारखी दिसायला लागली होती; कंप्युटरवर ती हवी तेवढी मोठी करता यायची. शिवाय मोठ्यांचा मोबाईल दोघांत एक होता, म्हणजे तो सासऱ्यांच्या खिशात असायचा. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा, नांदेडच्या मावशींचा, फोन आला की सासरे स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवत आणि मधूनमधून सांगत, "पाऊस कसा आहे विचार." मग दोघी बहिणी पावसावर बोलत.

टपालाचीही तीच गत. आमच्याकडे आलेलं पत्र सासरे संध्याकाळच्या चहाला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत. ते कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. यात त्यांचा कावा काहीच नव्हता. लहानपणी त्यांच्या गावात वाचता येणारे ते जवळपास एकटेच. गावाचं टपाल आलं की लोक या पोराला पारावर उभं करायचे आणि तो सगळ्यांची सगळी पत्रं खणखणीत आवाजात वाचून दाखवायचा. गाव सुटलं, नोकरीसाठी हैदराबाद आलं, पेन्शनही सुरू झाली, पण पार काही त्यांच्या पायाखालून गेला नाही. आधी पत्र मनात वाचून बघावं, मग मोठ्यानं वाचावं, हेही त्यांना मंजूर नव्हतं. त्यात म्हणे मजा नाही.

कंप्युटर यायच्या आधीच एका दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या नावाचा मेल काढून दे. बहिणीला एकदा मोकळं लिहायचंय मला." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी हातातली भाजी तशीच ठेवून माझ्या फोनवर त्यांना पत्ता काढून दिला आणि तो मावशींना पाठवला. मावशी नेटवर चांगल्या सरावलेल्या होत्या.

मग कंप्युटर आला आणि तो सुरू करून द्यायला मलकपेठेचा एक कंप्युटरवाला आला. मेल उघडायला दर वेळी पासवर्ड घालणं सासऱ्यांना नको होतं. टपाल कसं आपोआप दारात पडतं, तसं पडलं पाहिजे. कंप्युटरवाल्यानं निळ्या चित्राचा एक प्रोग्राम दाखवला. "अंकल, ये वाला डालतूं. घर में सब की मेल एकीच डब्बे में गिरती. झंझटीच नक्को."

"हौ, हेच पाहिजे," सासरे म्हणाले. "घर एक तर डबा एक."

"माझंही त्यातच का?" सासूबाईंनी विचारलं.

"मग? तुला काय निराळं पोस्ट ऑफिस उघडून द्यायचं?"

कंप्युटरवाला हसला. सासूबाई हसल्या नाहीत. मी काही बोलणार, तोवर माझा नवरा ऑफिसचा फोन आल्याचं सोंग करून गॅलरीत गेला. घरात दोन बाजू पडू लागल्या की त्याला हमखास ऑफिसचा फोन येतो.

डबा एक झाला. दोन-तीन दिवस त्यात फक्त विजेचं बिल आणि कसलीशी जाहिरात आली. सासऱ्यांनी तीही चहाला वाचून दाखवली. 'प्रिय ग्राहक' हे शब्द ते इतक्या मायेनं उच्चारत की मला बिल भरावंसं वाटे. आणि मग मावशींची मेल आली.

"नांदेडचं आलंय," म्हणत सासऱ्यांनी चष्मा चढवला. सासूबाई कपबशी घेऊन उठायला लागल्या, पण उशीर झाला होता. पहिलं वाक्य हॉलभर घुमलं.

"'अक्का, आता तुझा स्वतःचा पत्ता झाला, तर पहिल्यांदाच तुला मनातलं लिहिते. आजवर लिहिलं नाही, कारण दाजी ते चहाला सगळ्यांसमोर वाचतात. वाचतात तेही रेडिओवरच्या बातम्यांसारखं.'"

सासरे थबकले. माझ्या तोंडातला चहा कसाबसा आत गेला. त्यांनी तिथं थांबायला हवं होतं, पण हातात घेतलेलं पत्र अर्धं सोडायचं नाही ही त्यांची लहानपणापासूनची शिस्त. ते पुढं वाचत राहिले, फक्त आवाज उतरत गेला.

"'हे गेले तेव्हा मी किती घाबरले होते, ते तुला सांगायचं होतं. रात्री दिवा मालवायची हिंमत व्हायची नाही. पण लिहायला बसले की दाजींचा आवाज कानात यायचा. मग मी लिहायची, पाऊस बरा आहे, तुरी चांगल्या आहेत. तूही तेच लिहायचीस. आपण दोघींनी आयुष्यभर एकमेकींना तुरीच लिहिल्या, अक्का.'"

खाली त्यांनी आशीर्वाद, नमस्कार सगळं वाचलं. मग चष्मा काढला आणि पुसत बसले. काच स्वच्छ झाली तरी पुसत होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि कुठलं आधी दाखवावं ते कळेना.

सासूबाई मात्र शांत होत्या. "मला माझा निराळा डबा पाहिजे," त्या म्हणाल्या.

"घरातल्या घरात पडदे?" सासरे पुटपुटले. "मी काय परका आहे? चोरी आहे का काही?"

"आंघोळीला दार लावून घेता ना तुम्ही? त्यात काय चोरी असते?"

माझ्या नवऱ्यानं खिशातला फोन चाचपला, पण मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बसूनच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी निळा प्रोग्राम काढून टाकला आणि बराच शोध घेऊन हिरव्या चित्राचा दुसरा घातला. हा उघडताना आधी कोण आहात विचारायचा आणि ज्याचा त्याचा पासवर्ड मागायचा. सासरे दुरून पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. सासूबाईंनी पासवर्ड घालायला बोट उचललं आणि मला म्हणाल्या, "तूही तिकडं बघ." एवढं सगळं माझ्याकडून करून घेऊन वर हे. मी मुकाट्यानं भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्या रोज दुपारी कंप्युटरसमोर बसू लागल्या. मराठी अक्षरं एकेक करून शोधत लिहायच्या. कधी एकट्याच हसायच्या, कधी पदर डोळ्याला लावायच्या, आणि कुणी जवळून गेलं की स्क्रीनवरची खिडकी मिटायच्या. चहाला त्यांचा चेहरा हलका असायचा. सासऱ्यांना वाचायला उरलं 'प्रिय ग्राहक'. ते हळूहळू त्यांनीही सोडलं. चहा पिऊन ते नुसतेच बसून राहत. मला वाटलं होतं चिडतील, पण ते एकटे पडल्यासारखे दिसत होते.

एके दिवशी सासूबाई देवळात गेल्या असताना त्यांनी मला हाक मारली. "बेटा, इकडून तिच्या डब्यात पाठवायचं कसं?"

"आईंच्या? अहो, त्या तासाभरात येतील घरी."

"ते मला माहीत आहे. कसं पाठवायचं ते सांग."

मी दाखवलं. मग त्यांनी मला तिकडं बघायला सांगितलं. या घरात माझं भिंतीकडे बघणं आता नित्याचंच झालं होतं. एका बोटानं त्यांची टकटक बराच वेळ चालली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं कधी वेगळे राहिलेच नाहीत, त्यामुळे त्यांनी बायकोला एक ओळही कधी लिहिली नव्हती. शेवटी त्यांनी विचारलं, "पत्र वाचल्याची पोच मिळते का यात?" मिळते म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं त्या चौकोनात खूण केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला बोलावलं. मेल त्यांनी वाचून मिटलेली होती. कान लाल झाले होते. स्क्रीनवर एक छोटी चौकट आली होती.

"हे काय विचारतंय?"

"ज्यानं पाठवलं त्याला कळवायचं का, तुम्ही वाचलंत म्हणून. हो किंवा नाही."

"नाही म्हटलं तर त्याला कळत नाही?"

"नाही कळत."

त्यांनी जराही वेळ न घालवता 'नाही' दाबलं आणि पदर सावरून उठल्या.

चहाच्या वेळी सासरे दोनदा खाकरले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "काही टपाल आलं का आज?"

"आलंय एक," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाचं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

एवढं बोलून त्यांनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. असं उत्तर या माणसाला जन्मात कुणी दिलं नसेल. सासऱ्यांनी एक बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि ते विरघळून खाली पडेपर्यंत तसंच धरून बसले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.