शेवटच्या रांगेतली झाडं

माझा नवरा ज्या टेकडीवर काम करायचा ती टेकडी आता नाही. सॅन डिएगोच्या उत्तरेला, समुद्राकडे तोंड करून ती उभी होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती ओसाड वाटली. गुडघ्याएवढी करडी झुडपं, निवडुंगाची बेटं, आणि खडकांच्या फटींत पानफुटीसारख्या जाड पानांची मूठभर झाडं. पानांवर तांदळाची पिठी भुरभुरावी तसा पांढरा थर होता. त्याला बोट लावलं की ठसा उमटतो, आणि त्या पानावर तो कायमचा राहतो. "हात नको लावूस," तो म्हणाला होता.

तो वनस्पतिशास्त्रज्ञ होता. नव्वदच्या दशकात त्या किनाऱ्यावर घरं इतक्या घाईनं उठत होती, की त्याच्या कामाचा अर्थ बुलडोझरच्या चार पावलं पुढे चालणं एवढाच उरला होता. ही झाडं हिवाळ्याच्या थोड्याशा पावसावर वाढतात, उन्हाळाभर समुद्राच्या धुक्यावर तग धरून झोपून राहतात. माणसं राहायला आली की लॉनला पाणी सुरू होतं. त्या ओलीच्या मागोमाग परदेशी मुंग्या येतात, त्या इथल्या मुंग्यांना हुसकतात, आणि इथल्याच मुंग्यांवर जगणारा काटेरी सरडा उपाशी मरतो. "इथे दुष्काळानं काही मरत नाही," तो म्हणायचा, "मरतं ते पाण्यानं."

बिल्डरला परवानगी मिळाली ती एका अटीवर. ही दुर्मीळ झाडं आधी काढायची, जपायची आणि पावसाळी हंगामात पलीकडच्या राखीव उतारावर लावायची. काढायचं काम याच्याकडे आलं. "याला संवर्धन म्हणतात कागदावर," तो म्हणाला. "मी हमाल आहे." तरी त्या वसंतात रोज गुडघ्यांवर बसून त्यानं एकेक झाड मुळासकट सोडवलं आणि ट्रेमध्ये भरून आमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात आणलं. टेकडी मे महिन्यात सपाट झाली. तिच्यातलं जे काही उरलं ते आमच्या अंगणात होतं.

रविवारी बुद्धवंदनेला जमणाऱ्या आमच्या मित्रमंडळींना ती मोठी गंमत वाटायची. "वहिनी, नर्सरीत चार डॉलरला मिळतं यार हे," एकजण म्हणाला. "उगाच कशाला बॅकयार्ड ब्लॉक केलंत?"

"ते नर्सरीचं," नवरा म्हणाला. "हे त्या टेकडीचं आहे."

"मग टेकडीलाच विचार ना, भाडं देते का!"

सगळे हसले, तोही हसला.

जुलैत त्याच्या पोटातलं दुखणं उघड झालं. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. अमरावतीकडच्या खेड्यातून त्याची आई आली. हॉस्पिटलमध्ये त्यानं मला दोनदा सांगितलं, "आईला सांग, झाडांना पाणी नाही घालायचं. सुकलेली दिसतील, पण मेलेली नाहीत. उन्हाळ्यात भिजली तर बुडापासून कुजतात. नोव्हेंबरपर्यंत फक्त सांभाळ."

मी आईंना सांगितलं. त्यांनी अंगणात जाऊन पाहिलं आणि परत आल्या.

"काहून वं, यायले पाणीच नाही देत? सुकून चालले ना बिचारे."

"झोपलीत ती, आई. त्यांनीच सांगितलंय."

"झोपले! तहानेनं निपचित पडलेल्याले झोपला म्हणतेस तू? लय पुस्तकं वाचली, म्हणूनच असं सुचते. चोवीस तास नळ हाय घरात!"

आई लहान होत्या तेव्हा गावच्या विहिरीपासून दहा पावलं दूर घागर ठेवून उभ्या राहायच्या. कुणीतरी यावं, वरून पाणी ओतावं, म्हणून. कुणाला दया आली नाही तर रिकामी घागर घेऊन परत. बौद्ध झाल्यावर त्यांनी एक नेम धरला, जो त्यांच्या घरात सगळे पाळत. दारात येईल त्याला काही विचारायच्या आधी तांब्याभर पाणी द्यायचं. माणूस असो, गाय असो, झाड असो.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पाहिलं. आई रबरी नळी घेऊन एकेका ट्रेसमोर थांबत होत्या आणि पुटपुटत होत्या, "पी राजा, पी." माझ्या हातात चहा होता. मी दार उघडलं नाही. तेव्हाही नाही, आणि पुढच्या पाच आठवड्यांत एकदाही नाही. त्या बाईला 'पाणी देऊ नका' असं दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं सांगायचं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पहिल्या आठवड्यात पानं टरारली, हिरवी झाली. त्या घरात काहीतरी सुधारताना मला पाहायचं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी त्याला घरी आणलं. त्यानं खुर्ची अंगणात ठेवायला सांगितली. एका झाडाला त्यानं दोन बोटांनी हलकेच धरलं, तर पानांचा अख्खा गेंद त्याच्या हातात आला. खाली बुडखा नव्हताच, तपकिरी चिखल होता.

आई मागेच उभ्या होत्या. "पाह्य, कसे टवटवीत केले तुहे झाडं!"

"छान केलीस, आई," तो म्हणाला. गेंद त्यानं परत जागेवर ठेवला, नीट बसवला. त्या आत गेल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तू होतीस ना घरी?"

एवढंच. त्यावर तो पुन्हा कधी बोलला नाही. ऑक्टोबरच्या मधोमध तो गेला. आईला त्यानं माफ केलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्याबद्दल मला माहीत नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

नोव्हेंबरात पाऊस आल्यावर त्याची सहकारी ट्रक घेऊन आली. तिनं ट्रे उपडे केले, वास घेतला, आणि माझ्याकडे न पाहता काम करत राहिली. कुंपणालगतच्या शेवटच्या रांगेतली नऊ झाडं तेवढी सुकी, सुरकुतलेली आणि जिवंत होती. नळी तिथपर्यंत पोचत नव्हती. ती आम्ही दोघींनी राखीव उतारावर लावली. बिल्डरच्या कागदावर 'झाडं हलवली' असं लिहिलं गेलं, अट पूर्ण झाली आणि डिसेंबरात टेकडीच्या जागी उठलेल्या घरांच्या पायऱ्यांवर दिवे लागले.

आई गावी परतल्या. दर रविवारी फोनवर बोलणं झालं की शेवटी विचारतात, "माह्या हातचे ते झाडं कसे हायत वं? फुलं आले?"

"आलीत, आई," मी म्हणते. "सगळ्यांना आलीत."