कासमच्या दंडावरची पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. सांगायला बसलो की काहीतरी काम निघायचं — खरं तर मीच काढायचो.

गेल्या दिवाळीत नातू आला होता. वकिलीचं शिकतो. लढाईलाही कायदा असतो, म्हणाला. हात वर केलेल्या माणसाला मारायचं नाही. मारणारा गुन्हेगार, आणि खोटं बोलून मारायला लावणाराही. माझ्या हातातला अडकित्ता थांबला. त्याला वाटलं, आजोबांना पेंग आली.

जाफराबादजवळच्या आमच्या गावात पिराचा दर्गा आहे. उरुसाचं चंदन आमच्या घरी, म्हणजे पाटलाच्या घरी उगाळलं जायचं. त्याचं ताट डोक्यावर घेऊन दर्ग्यापर्यंत जायचा मान गावातल्या एका तरुणाला मिळे. हिंदू की मुसलमान, कुणी बघत नव्हतं. ताटवाल्याच्या दंडावर पिराच्या कबरीवरच्या गलेफाची हिरवी पट्टी बांधत. ती सोडायची नाही, आपोआप गळून पडेपर्यंत वागवायची.

मला ती हवी होती — किती, ते या वयात लिहिताना लाज वाटते. आणि त्या साली वडिलांनी नाव घेतलं कासम पिंजाऱ्याचं. मी कुरकुरलो, तर चारचौघांत म्हणाले, "तुझी मान घागरीनं लचकती लेका. कासम्याची बघ, मेढीवानी हाय." सगळे हसले. कासमही हसला. "छोटे पाटील, पुढल्या साली तुमीच," म्हणाला. त्याच्या हसण्यात खोट नव्हती. असती, तर मला सोपं गेलं असतं का?

मग ती पट्टी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तो कापूस पिंजायचा तेव्हा ती दंडावर नाचायची. बाया लेकरं घेऊन यायच्या, पट्टीला हात लावून तो लेकराच्या कपाळाला लावायच्या. धाकट्या भावाला ताप आला तेव्हा माझ्या आईनंही तेच केलं. मी शेजारीच उभा होतो. मला वाटलं — हा माझ्या घरात शिरला.

अठ्ठेचाळीस साली पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, आणि काही दिवस आमच्याकडं कुणाचंच नव्हतं. तेव्हा वऱ्हाडाकडून एक बंदूकवाली टोळी गावात आली. वडील जालन्याला अडकले होते. म्होरक्यानं पुकारलं — हात वर करून बाहेर या, फक्त रझाकाराला नेऊ, बाकीच्यांच्या केसाला धक्का लागणार नाही. आमच्या गावात रझाकार नव्हताच. म्हणून तर पिंजारी, मुलाणी सगळे बाहेर आले. कासमनं हात वर केले आणि बाही खाली सरकली.

"हे हिरवं काय बांधलं बे दंडाले?"

"पिराचं हाय," कासम म्हणाला. मी दिसलो तसा त्याचा चेहरा मोकळा झाला. "छोटे पाटील, सांगा की यांना. चंदन तुमच्याच घरचं व्हतं ना!"

म्होरक्यानं मला लिंबाच्या आडोशाला नेलं. "तू पाटलाचा पोरगा ना? खरं सांग. हा म्हनते ते बराबर हाय काय?" त्याला घाई होती, राग नव्हता. मी नुसतं हो म्हणायचं होतं. मला भीती वाटत होती का? इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण नाही — भीती नव्हती. कासम लांबून माझ्याकडं बघत होता, अगदी निर्धास्त. आणि मला दिसत होतं ते त्याच्या डोक्यावरचं ताट.

"न्हाई," मी म्हणालो. "रझाकाराची खूण हाय ती."

त्याला ओढ्याकडं नेलं. हात तेव्हाही वरच होते. बार ऐकू आला, तेव्हा मी लिंबाखालीच होतो.

आमचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. गावानं पाहिलं ते एवढंच — पाटलाचा पोरगा कासमसाठी बोलायला गेला आणि त्यांनी ऐकलं नाही. मी ते खोडलं नाही. पुढच्या उरुसाला वडिलांनी ताट मला दिलं, कासमसाठी बोललो म्हणून. मी घेतलं. पट्टीही बांधून घेतली.

कासम गेला तेव्हा त्याची बायको पोटुशी होती. आम्ही तिला भाबी म्हणायचो. ती माहेरी जालन्याला गेली, मुलगा तिथंच झाला. मी कधी भेटलो की त्याला पुढं करायची — "सलाम कर. इनो तेरे अब्बा के वास्ते बोलने कू गए थे."

ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा खरं सांगायचं ठरवून गेलो. एसटीत सगळी वाट तेच वाक्य घोकत होतो. तिनं उठून बसत चहा बशीत ओतून दिला. "गरम है भाईजान, सबूर से." मी फुंकून प्यालो. पाऊसपाण्याचं बोललो, कापसाच्या भावाचं बोललो. उठलो. थोड्याच दिवसांत ती गेल्याचा निरोप आला.

वाक्य मोठं नव्हतं. भाबी, मी कासमसाठी बोललो नव्हतो. मी त्याच्यावर जळत होतो, आणि माझ्या बोलण्यानं तो गेला. माझं चुकलं.