सासूबाईंनी साफ केलेले सुरुंग

मी आयुष्यात एकदाच भूसुरुंगांत अडकलो, तेही ओहायोतल्या डब्लिनला, स्वतःच्या घरामागच्या लॉनवर.

त्या काळी मी सेलफोन पट्ट्याला लटकवून फिरायचो आणि गावातल्या एका सेवाभावी क्लबचा मेंबर होतो. भूसुरुंग काढणाऱ्यांना मदत करायला क्लबात स्वयंसेवकांचा गट काढू या, असं मी भर मीटिंगमध्ये बोलून बसलो. अध्यक्ष डेव्ह म्हणाला, "शनिवारी सगळ्यांना तुझ्या घरी बोलाव. लोक तयार झाले तर गट, नाहीतर पार्कातले बाक रंगवू." बाकांकडून हरायची माझी तयारी नव्हती.

मी डोकं लढवलं. शनिवारी सकाळी लॉनवर हिरवी चादर अंथरली आणि तिच्याखाली कागदी प्लेटा लपवल्या. प्लेट म्हणजे सुरुंग! पाहुण्यांनी वरून चालायचं, पायाखाली प्लेट आली की खेळ खलास. मग मी डोनट आणायला गेलो.

नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं, तर उन्हात स्वच्छ चादर! जावयाला आपल्या कुरडयांची केवढी काळजी, असं त्यांना वाटलं. (ती मला कधीच नव्हती, फक्त तळलेल्यांची होती.) त्यांनी प्लेटा काढून नीट रचून ठेवल्या, आदल्या दिवशीच्या कुरडया दुसऱ्या उन्हाला पसरल्या आणि खारींच्या भीतीने वर एक जुनं पातळ पांघरलं. तेही नेमकं हिरवंच!

मी परतलो तोवर क्लबची मंडळी लॉनवर जमली होती. "आधी मी चालून दाखवतो," मी ऐटीत म्हणालो. प्लेटा कुठे आहेत ते मला पाठ होतं.

पहिलं पाऊल. कर्रर्र!

कागदी प्लेट एवढी वाजते? मी घाबरून लांब ढांग टाकली. कर्रर्र-कट्! आता मी बरोबर मधोमध, एका पायावर. तेवढ्यात मागचं दार उघडलं.

"हलू नका जावईबापू! आहे तिथंच उभे राहा!"

"काय झालं, आई?"

"काय झालं काय विचारून राहिले! दुसरा पाय टेकवू नका म्हणते ना! रश्मे, धाव लवकर, तुझ्या नवऱ्यानं चुरा केला!"

मंडळींना शब्द कळले नाहीत, पण आवाज आरपार पोचला. सासूबाई काठाशी उकिडव्या बसल्या. पातळाचं टोक अलगद उचललं, एक कुरडई काढली, ताटात ठेवली. मग दुसरी. अशी त्या माझ्यापर्यंत वाट मोकळी करू लागल्या.

"आई, पायाला मुंग्या आल्या."

"येऊ द्या."

खरं सांगतो, तिथे लटपटत उभं असताना मला एकदम भरून आलं. मी चुकलो तर एक कुरडई जाणार होती. कुठेतरी कुणाचं लेकरू शाळेला जाताना खरोखरच्या सुरुंगांवरून चालत होतं.

"हे असंच काढतात," डेव्ह हळूच म्हणाला. "वीतभर जमीन, मग पुढची वीत." कुणी डोनटला हात लावला नाही. सगळ्यांनी गटात नावं दिली, बाक तसेच राहिले.

पुढे आम्ही आसपासच्या क्लबांत जाऊन गट उभे केले आणि प्रत्येक ठिकाणी हेच प्रात्यक्षिक दाखवलं. व्हिसा संपेपर्यंत गटप्रमुख सासूबाई! मूळ कल्पना माझी, म्हणून मलाही एक काम मिळालं: मधोमध एका पायावर घाबरून उभं राहायचं. डेव्हच्या मते ते माझ्याइतकं नैसर्गिक कुणालाच जमत नव्हतं.