आजाऱ्याच्या अंगणातली वंदना

बाळांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, आपल्या घरात देव का नाहीत? फोनवर मला नीट सांगता आलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी लिहून टाकते, नाहीतर ते मनात घोळत राहील.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. अकोल्यातल्या आमच्या वस्तीत घरोघरचे देव टोपलीत गोळा करून मोर्णा नदीत सोडले होते. माझ्या आईनेही दिले, एक सोडून. मरीआईचा चांदीचा टाक तिने ज्वारीच्या कोठीत खाली दाबून ठेवला. हे फक्त मला माहीत होतं. दार वाजलं की मी आधी कोठीकडे बघायचे. वस्तीला कळलं असतं, तर आमच्याकडे कुणी पाणीही प्यायलं नसतं.

दर रविवारी विहारात वंदना व्हायची. ती मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घ्यायचे. ते रेल्वेत कामाला होते. पाच-सहा पुरुष यायचे, बाया कुणीच नाही. देव गेले होते, त्यांच्या जागी काय आलं ते अजून कुणाला उमगलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या धाकट्या भावाला गोवर निघाला. वडील दर्यापूरला मास्तर, महिन्यातून एकदाच घरी येणारे. आईने न राहवून दाराला कडुलिंबाचा पाला बांधला. पाला म्हणजे घरात देवी आल्याची खूण. वस्तीत कुजबुज झाली. पाण्याच्या नळावर एक बाई मला म्हणाली, "काहून वं, तुमच्या घरी पाहुनी आली म्हन्ते?"

संध्याकाळी तरणी पोरं मोठेबाबांकडे गेली. मी तिथेच होते.

"दादा, मास्तराच्या घराची झडती घेतो आमी."

"घे ना," मोठेबाबा त्यांच्या म्होरक्याला म्हणाले. "पन पयले तुया मायची पेटी उघडून पाह्य."

बाकीची पोरं हसली. तो हसला नाही.

मग मोठेबाबा आमच्याकडे आले. त्या काळी भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. आई पदर ओढून दाराआड उभी राहिली. दोघं एकाच खोलीत, आणि बोलणं माझ्यामार्फत.

"पोरी, मायले इचार, पोरगं काई खाते का?"

"सांग त्यायले, पानीबी ठरत नाई."

 मग आईचा आवाज चढला. "सांग त्यायले, देव नेले तुमी. आता ताप कोन नेईन?"

मला ते सांगायची हिंमत होईना. सांगायची गरजही नव्हती.

"मले मालूम नाई," मोठेबाबा म्हणाले. "डॉक्टरले आनतो. आन् बसतो इथं."

डॉक्टर आले. त्यानंतर मोठेबाबा ड्यूटी संपली की रोज येऊन बसायचे, भावाच्या ओठांना ओलं फडकं लावायचे. कोठीला ते टेकून बसत, तेव्हा मी तिथून हलत नसे. पाल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. रविवारी त्यांनी सांगितलं, आज वंदना इथेच, या अंगणात.

पोरं कुरकुरली, पण आली. त्या पाल्याखालीच सगळे बसले. वंदना आजाऱ्याच्या दारी आहे म्हणून बायाही आल्या, मागे उभ्या राहिल्या. भावाचा ताप त्या दिवशी उतरला नव्हता. तो दोन-तीन दिवसांनी उतरला, आणि तो कशाने उतरला हे आईने कधीच कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारीही वंदना आमच्याच अंगणात झाली, ती संपली आणि आई पदर सावरून सगळ्यांसमोर बाहेर आली. हातात टाक होता.  ती थेट मोठेबाबांशी बोलली.

"दादा, याचं काय करू?"

"तुमचा जीव मानते तसं करा."

कुणीतरी तोंड उघडणार, तोच मोठेबाबांनी नुसतं तिकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन मोर्णेवर गेली आणि तिने टाक पाण्यात सोडला. येताना वाटेत त्या म्होरक्याची आई भेटली, पदराखाली काहीतरी धरलेलं. दोघी एकमेकींकडे बघून पुढे गेल्या. त्यानंतर बाया वंदनेला पुढे बसू लागल्या. मोठेबाबांनी त्यांना शब्द पाठ करवले. काही वर्षांनी आईच वंदना सांगू लागली.

तिची भीती मात्र पुरती गेली नाही. घरात कुणाला ताप आला की ती कोठीपाशी जाऊन उभी राहायची आणि परत फिरायची. ती सवय मलाही आहे.

मोठेबाबा गेले, आईही गेली. आमचं ते घर पाडून तिथे सिमेंटचं झालं. पण त्या वस्तीत आजही कुणी आजारी पडलं की रविवारची वंदना त्याच्या अंगणात होते.