ऐन सालची वाईन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मध्येच कुणाच्या नाकातोंडात चहा जायला नको. आज जी फजिती सांगतोय ती माझ्या जिभेची आहे. भलतंसलतं बोलून माती खाणारे पुष्कळ असतात हो. मी चाखून खाल्ली!

मी मूळचा पालीचा. आमच्या घरात ताकापेक्षा जास्त आंबलेलं काही कधी उंबरठा ओलांडून आलं नाही. आणि मी, त्या घरचा वामन, मुंबईत फोर्टातल्या एका पारशी शेठच्या वाईनच्या दुकानात कारकून! वडिलांना कळवलं होतं, ‘विलायती औषधांचं दुकान आहे.’ अगदीच थाप नव्हती ती. त्या काळात डॉक्टर लोक अशक्त बायामाणसांना पोर्ट वाईन लिहून देत असत.

माझं काम बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं आणि मालाची यादी मराठीत लिहिणं. पण दर शनिवारी दुपारी आतल्या खोलीत शेठ आणि त्यांचे म्हातारे मुनीम नवीन आलेला माल चाखायला बसत, तेव्हा तबक धरून मी उभा. ते पेला फिरवत, हुंगत, घोट तोंडात खळखळवून थुंकत, आणि मग म्हणत, ‘अंग चांगलं आहे,’ ‘नाक जरा बसकं आहे.’ वाईनला अंग आणि नाक! पेल्यांत तळाशी उरलेलं मी खोलीबाहेर जाऊन उरकत असे. दोन वर्षांत माझी पक्की खात्री झाली की अख्ख्या मुंबईत जीभ म्हणावी अशी एकच, आणि ती माझ्या तोंडात आहे.

एके दिवशी शेठ म्हणाले, “अरे, गोरा सायेब फ्रान्सची वाईन पिते. पण आपला शाळामास्तर, आपला पोस्टातला बाबू? एने काय पियाचा? मला स्वस्त माल पायजे. घरचा, साफ, चांगला. तुमच्या कुलाबा जिल्ह्यात कोर्लईला किरिस्ताव लोक घरोघर करते असा ऐकला. परवान्याचा मी बघते. पण चाखायला जाणार कोण? मुनीमचा पाय तर सुजला.”

मी तबक खाली ठेवलं. “मी जातो शेठ.”

“तू?”

“शेठ, माझी जीभ फसायची नाही.”

शेठ म्हणाले, “बरा. पण ध्यानमंदी ठेव. तू कागदावर लिहिशील तोच माल मी नाताळला बाजारात आणणार.”

झालं! काळा कोट, नवी टोपी, आणि दुकानातला काचेचा पेला धोतरात गुंडाळून पिशवीत. रेवसला बोटीतून उतरलो, टांग्यानं अलिबागेवरून रेवदंड्याला आलो आणि तरीत बसून खाडी ओलांडली. त्या तरीतसुद्धा मी कोळणींच्या टोपल्यांमध्ये असा ताठ बसलो होतो, जसा काही लाटसाहेबच.

कोर्लईत वाईन करणारी घरं दोन, समोरासमोर. एक जुझेकाकांचं. यांची जांभळाची. समोरचं पेद्रूचं, तो मनुकांची करायचा. पेद्रू म्हणजे जुझेकाकांचा सख्खा मेहुणा, त्यांची बायको आनाबाय हिचा भाऊ. दहा वर्षांपूर्वी एका लग्नात पेद्रू म्हणाला, जुझेची वाईन म्हणजे शाळेतली शाई. जुझेकाका म्हणाले, पेद्रूची म्हणजे खोकल्याचा काढा. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद! जे काही बोलायचं ते मध्ये आनाबायला उभी करून.

जुझेकाकांच्या अंगणात मी बाक मांडायला लावला. वर पांढरी चादर. भर दुपारी मेणबत्ती पेटवली, रंग बघायला. निम्मा गाव जमला. मी जुझेकाकांची वाईन पेल्यात घेतली, फिरवली, डोळे मिटून हुंगली, घोट घेतला, गालांत खळखळवला आणि शेजारच्या मडक्यात थुंकलो.

आनाबाय ताडकन उठली. “का रे बाबा? इख घातलंय काय त्यात?”

“तसं नाही हो. गिळायचं नाही, ही या विद्येची रीत आहे.”

“मंग चव पोटाला कोन सांगनार?”

लोक हसले. मी हसलो नाही. विद्वान माणसानं हसू नये. मी पेद्रूची वाईनसुद्धा तशीच चाखली आणि थुंकलो. खरं सांगू? दोन्ही छान होत्या! जांभळाची जराशी तुरट, मनुकांची गोड आणि उबदार. पण छान आहे असं म्हणायला माझी गरज काय होती? ते तर आनाबायसुद्धा म्हणाली असती. म्हणून मी मान हलवली आणि म्हणालो, “पोरसवदा आहे. दोन्हींत प्रौढपणा नाही.”

“आना, तुझ्या भावाला सांग,” जुझेकाका म्हणाले, “त्याच्या काढ्यापायी माझी पन नापास झाली.”

“आना, तुझ्या नवऱ्याला सांग,” पेद्रू म्हणाला, “आधी शाई प्याल्यावर पुढं काय चव लागनार?”

“या किनाऱ्यावर आणखी कोण करतं?” मी विचारलं.

“कोन न्हाय. आमी दोघंच.” या एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत झालं.

मी मनात म्हटलं, अस्सं! म्हणजे तिसरा आहे, आणि तो यांच्याहून चांगला आहे. दुकानदारीत दोन वर्षं काढलेला माणूस मी. मला काय फसवता?

पेला घेऊन मी एकटाच समुद्राकडे निघालो. वाडी संपली तिथं एका कोळ्याचं घर होतं, आणि घरामागं, तुमच्या गळ्याची शपथ, ओळीनं तीन मोठी लाकडी पिपं! वरून पोत्यानं झाकलेली. पोतं उचललं. आत गडद, तांबूस काळं, जुन्या शिसवासारखं चमकणारं काहीतरी. आणि वास! ओल्या लाकडाचा, धुराचा, खाऱ्या वाऱ्याचा. माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात घरातून एक बाई आली. हिराबाय तिचं नाव. दोन होड्यांची मालकीण.

“मुंबैचं व्यापारी काय तुमी?” तिनं विचारलं.

“होय. शेठनी माल बघायला पाठवलंय.”

“मंग बघा की, जिभेवर घेऊन बघा. कालचा व्यापारी तसाच बघून गेला.”

बघितलंत? मुंबईचा दुसरा व्यापारी आदल्या दिवशीच येऊन गेलेला! हिराबाय दुसऱ्या पिपाचं पोतं काढायला वळली, आणि मी घाईघाईनं पेला बुडवून घोट घेतला.

आई आई गं! काय ती पकड! जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. गाल आतल्या आत ओढले गेले. डोळ्यांत पाणी आलं. शेठ म्हणायचे, थोर वाईन पहिल्यांदा भांडते. ही तर मारामारीच करत होती! असला माल थुंकायचा? छे. मी अख्खा पेला गिळला. आणखी एक पेला घेतला, तोही गिळला.

“बाई,” मी कसाबसा म्हणालो, “हे कुठल्या सालचं?”

“ऐनसालीचं.”

ऐन सालचं! म्हणजे ऐन बहरातलं वर्ष! मुनीम चांगल्या वर्षाची बाटली आली की तिला नमस्कार करायचे. “करता कसं?”

“उकळतो. तीन दिस. मंग मुरत ठेवतो.”

इथं तर मी उडालोच. पोर्तुगालच्या मदिरा बेटावरची वाईन तापवून मुरवतात, हे मी शेठच्या तोंडून स्वतः ऐकलेलं. आणि इथं कोर्लईला एक कोळीण तीच विद्या जाणते!

“पिपं धुता?”

“छ्या! धुतली तर जोर जातो.”

“आणि घेतं कोण?”

“सगलं नाखवं घेतात. याच्याबिगर एक होडी समिंदरात जात न्हाय. लई घट करतं बगा. दोन वर्सं कुजत न्हाय.”

समुद्रावर जाणाऱ्यांचं शरीर घट्ट करणारं पेय! माझा कंठ दाटून आला. तो तसाही आवळलेलाच होता म्हणा. हिराबायनं एक बुधला भरून नमुना दिला, आणि मी जुझेकाकांच्या ओट्यावर बसून शेठना पत्र लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द मला आजही पाठ आहे.

‘दोन घरचा माल बरा, पण बाळबोध. तिसरा मात्र रत्न. वर्ण जुन्या शिसवाचा. गंध लाकडाचा, धुराचा, समुद्राचा. उकळून, जुन्या पिपात मुरवलेला. जिभेवर पकड अशी की मी दोन तास नीट बोलू शकलो नाही. नाताळात हीच वाईन.’

तरीवाल्याच्या हाती संध्याकाळी पत्र रेवदंड्याच्या टपालात पोचतं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जुझेकाका आणि पेद्रू दोघंही पोचवायला धक्क्यावर आले. एक या टोकाला, एक त्या टोकाला, दोघांचीही तोंडं उतरलेली. वर्षभर केलेला जिन्नस आणि मी तो एका शब्दात मोडीत काढलेला. माझं मोठं मन बघा! मला त्यांची दया आली. म्हटलं, बिचाऱ्यांना निदान कळू तरी दे वाईन म्हणजे काय ते. बुधल्याचं बूच काढलं, पेला भरला.

“घ्या काका. शिका यातून.”

जुझेकाकांनी घोट घेतला. थांबले. मग पेला घेऊन धक्क्याच्या त्या टोकाला चालत गेले आणि पेद्रूच्या हातात दिला. पेद्रूनं घोट घेतला. त्याचंही तोंड वाकडं झालं.

आणि दहा वर्षांनी जुझेकाका मेहुण्याशी थेट बोलले. “पेद्रू, हे तर जाळ्याचं पानी!”

“व्हय रे जुझे! हिराबायच्या पिपातलं!”

“जाळ्याचं म्हणजे?” मी म्हटलं.

पेद्रूला बोलवेना. तो हसत हसत धक्क्यावरच बसला. जुझेकाका डोळे पुसत म्हणाले, “वामनराव, ऐनाचं झाड ठावं हाय? त्याची साल उकळून त्यात कोळी जाळी बुडवतात. सूत घट होतं, खाऱ्या पान्यात कुजत न्हाय.”

ऐनाची साल! ऐन साल नव्हे हो, ऐनाची साल!

“पण कालचा व्यापारी? त्यानं चाखलं ते?”

“तो साल विकनारा. जीभ आवळली की साल चांगली, हे बघायला बोटभर जिभेला लावतो आन थुकतो.” जुझेकाकांनी पेल्याकडे बघितलं. “तुमी थुकलात ना?”

मी समुद्राकडे बघितलं.

“किती?” पेद्रूनं खालूनच विचारलं.

“दोन पेले.”

मग जे काही झालं ते पाहायला तुम्ही हवे होतात. एकमेकांच्या गळ्यात हात घालून ते दोघे असे हसले की तरीवालासुद्धा वल्ही टाकून बघायला आला. आनाबाय धावत आली. तिला वाटलं, दोघांनी एकमेकांचा गळा धरला! खरा प्रकार समजल्यावर तिनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “आमच्या घरचं थुकलास आन ते गिळलंस? कोन रे तुझा मास्तर?”

तरीही त्या भल्या माणसांनी मला दोन बाटल्या दिल्या. एक जांभळाची, एक मनुकांची. म्हणाले, शेठनाच चाखू दे.

रेवसला बोटीत चढलो तर समोर टपालाची थैली! माझं पत्र त्यात. बोटभर अंतरावर, आणि वर सरकारी शिक्का. मुंबईपर्यंत मी त्या थैलीकडे बघत बसलो. पोटाचं काय विचारता? पुढचे चार दिवस माझं पोट असं घट्ट बांधलेलं होतं की मला होडीला लावून समुद्रात टाकलं असतं तरी कुजलो नसतो.

दुसऱ्या सकाळी दुकानात गेलो. रात्रभर पाठ केलेलं कबुलीचं भाषण घडाघडा म्हटलं. शेठनी दोन्ही बाटल्या उघडल्या, चाखल्या, आणि मुनीमना म्हणाले, “बेऊ सरस छे. दोन्ही मागव.” म्हणजे कोर्लईची दोन्ही घरं पास, पहिल्याच घोटात! हा निकाल मी तिथं अंगणात, मेणबत्तीसकट, का देऊ शकलो नव्हतो, ते देव जाणे.

तेवढ्यात टपाल आलं. शेठनी माझं पत्र उघडलं, चष्मा लावला आणि सगळ्या दुकानासमोर मोठ्यानं वाचलं. लाकूड, धूर, समुद्र, पकड, काही सोडलं नाही. मी खांबाला टेकून जमीन दुभंगायची वाट बघत होतो.

पत्र संपलं. शेठनी त्याची नीट घडी घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“वामन, डिकरा, तुझी जीभ खरी हाय. लाकूड बरोबर, धूर बरोबर, उकळला बरोबर, समुद्र बी बरोबर. येवढ्या मोठ्या कागदात एकच शब्द चुकला.”

“कुठला, शेठ?”

“वाईन.”